मेनरोड ते भांडी बाजार: नाशिकच्या जुन्या पेठेतली पायी खरेदी

नाशिकच्या जुन्या पेठेत चारचाकी घेऊन खरेदीला गेलेला माणूस बहुतेक वेळा वैतागून परततो. त्यात दोष पेठेचा नसतो. गाडगे महाराज पुतळ्यापासून मेनरोडने धुमाळ पॉइंट, तिथून दहीपूल, मग उतारावर सराफ बाजार आणि पुढे भांडी बाजार ही सगळी वाट माणसांच्या, बैलगाड्यांच्या आणि पालख्यांच्या मापाने वसली. तिच्यावर पायी गेलं तरच तिथल्या दुकानांचा खरा उपयोग होतो.

मत आधीच सांगतो. तांब्या-पितळेची भांडी, पूजेचं सामान, चांदीच्या वस्तू आणि या सगळ्याची दुरुस्ती यांसाठी नाशिकमध्ये या पेठेला तोड नाही. रोजच्या वापराचे कपडे आणि चपला मेनरोडवर स्वस्त मिळतात, पण त्यात पारखायची जबाबदारी तुमची. एका छताखाली वातानुकूलित खरेदी हवी असेल, तर कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोड गाठा, इथं येऊन चिडू नका. आणि अस्सल पैठणी घ्यायची असेल तर येवला याच जिल्ह्यात आहे, थेट तिथल्या विणकरांकडे जाणं केव्हाही बरं.

ही पेठ अशी का आहे, हे जमिनीचा चढउतार बघितला की कळतं. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं आहे. जुनी गढी, म्हसरूळ टेक, डिंगर आळी, सोनार आळी, चित्रघंटा ही नावं अजून पत्त्यांत लिहिली जातात. या टेकांच्या मधल्या घळींतून गल्ल्या गोदावरीकडे उतरतात. त्यामुळे रस्ते सरळ नाहीत, रुंद नाहीत, आणि दर शेदोनशे पावलांवर चढ किंवा उतार लागतो. सराफ बाजारातला सरकारवाडा पेशव्यांच्या काळातला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावरही सरकारी कामकाजाचं वजन या भागातच राहिलं. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालयही दीर्घकाळ याच वाड्यात होतं. सरकार, सावकार आणि सराफ एकमेकांच्या शेजारी बसायचे, पलीकडे नदीवर यात्रेकरूंची वर्दळ असायची. त्या वर्दळीला लागणारी भांडी, पूजेची उपकरणी, फुलं, कापड आणि खाऊ यांभोवती बाजार भरत गेला.

नदीवर आजचा अहिल्यादेवी होळकर पूल, म्हणजे तेव्हाचा व्हिक्टोरिया पूल, १८९५ चा. पंचवटीकडची गाडीवाट त्या पुलाने रविवार कारंजाशी जोडली. त्याच्या थोडं आधी, १८८९ मध्ये, मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली होती. रूळ अडीच फुटी होते, दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नाव झालेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप हाच या ट्रामचा सल्लागार अभियंता होता. १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. मुद्दाम सांगतो, कारण हा रस्ता सार्वजनिक वाहनाच्या टोकाशी वाढलेला आहे. माणसं वाहनातून उतरायची आणि पुढे पायी जायची. आजही तोच क्रम सोयीचा आहे. सिटीलिंकची बस शालिमार किंवा रविवार कारंजाला सोडते, आणि दोन्हीकडून पेठेत शिरायला काही मिनिटं पुरतात.

दोन टोकांपैकी शालिमारकडून सुरुवात करावी. मेनरोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार असा क्रम धरला की वाट उताराची मिळते आणि जड खरेदी शेवटी येते. उलट बाजूने आलात तर पितळी परात हातात घेऊन चढ चढावा लागतो. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची सर्वांत चांगली. तेव्हा दुकानं नुकती उघडलेली असतात आणि दुकानदाराला वस्तू तोलून, उलटीपालटी करून दाखवायला सवड असते. दुपारी दोन ते चार बाजार सुस्त असतो, पण कारागीर जागेवर सापडायची खात्री नसते. संध्याकाळी सहानंतर मेनरोडवर धक्काबुक्कीशिवाय चालता येत नाही. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, म्हणून त्या दिवशी घाटाच्या बाजूला गाडी लावायचा विचारही करू नये.

मेनरोडचं थोडक्यात आटोपतो. साड्या, ड्रेस मटेरियल, तयार कपडे आणि रस्त्यावरचे विक्रेते. घासाघीस चालते, पण मोठ्या साडीच्या दुकानांत भाव बहुधा ठरलेले असतात. रस्त्यावरचा कपडा घेताना शिवणीतली माया बघा. कडेला अर्धा इंचही कापड सोडलेलं नसेल, तर ते पुढे उसवून मोठं करता येत नाही. रंग जातो का ते बघायला ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने घासा. बदलून मिळणार का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

दहीपुलाच्या पुढे पेठेचा खरा गाभा सुरू होतो. सराफ बाजारात मोठ्या पेढ्या आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला ओट्याएवढ्या जागेत बसणारे कारागीरही आहेत. सोन्याचं बोलायचं तर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक भिंगातून वाचून घ्या, बीआयएस केअर ॲपवर टाका, आणि तिथं दिसणारा दागिन्याचा प्रकार व शुद्धता हातातल्या दागिन्याशी जुळते का ते बघा. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना यातून सूट आहे, त्यामुळे नथ किंवा बाळाच्या बाळ्यांवर खूण नसली म्हणून दुकानदार खोटाच असं समजू नये. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. बोलताना ‘तोळा’ म्हटलं जातं ते आता १० ग्रॅमच्या अर्थाने. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजीच्या वहीतलं वजन आणि आजचं वजन जुळवताना इथंच घोळ होतो आणि उगाच सोनाराचा संशय येतो.

जुना दागिना मोडायचा असेल तर तीन आकडे वेगवेगळे सांगायला लावा: टंच (सोन्याची शुद्धता) किती निघाला, घट (वितळवताना कमी होणारं वजन) किती धरली, आणि भाव कोणत्या शुद्धतेचा लावला. तिन्ही एकत्र करून एकच रक्कम सांगितली तर फरक कुठं गेला ते कधीच कळत नाही. खडे, मणी आणि लाख यांचं वजन आधी काढून ठेवायला हवं. आतून लाख भरलेल्या जुन्या पाटल्या किंवा पोकळ गोठ यांच्या बाबतीत हा फरक चांगलाच मोठा असतो.

चांदीत नाशिकचं नाव जुनं आहे आणि ते आजही राखलेलं दिसतं. ताम्हण, पळी, पंचपात्र, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, देवांचे मुकुट आणि प्रभावळ यांची विविधता इथं मनापासून बघण्यासारखी आहे. पण सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती चांदीला नाही, म्हणून विचारणं तुमच्यावर. रोज हाताळायच्या भांड्याला ९२५ ची चांदी चांगली, कारण त्यातला तांब्याचा अंश तिला ताठपणा देतो. ९९९ ची चांदी मऊ असते. तिचा पेला थोडा दाबला तरी चेपतो. नाण्याला किंवा साठवणुकीला ती ठीक. मूर्ती घेताना ती भरीव आहे, पोकळ आहे की आत भरण आहे, हे विचारा आणि पावतीवर निव्वळ चांदीचं वजन वेगळं लिहून घ्या. बैठकीखाली लाकडी पाट असेल तर तो काढून तोलायला सांगायला लाजू नका. जीएसटी ३ टक्के, मजुरी वेगळी. मजुरी दर ग्रॅमला आहे की किमतीच्या टक्क्यांत, हेही आधी ठरवा. चांदीचा भाव वर गेला की टक्क्यांची मजुरी आपोआप फुगते, कारागिराचं काम मात्र तेवढंच असतं. दोन लाखांवरची खरेदी असेल तर पॅन लागतं.

भांडी बाजारासाठी दिवसातला सर्वांत मोठा वेळ राखून ठेवा. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल १८८३ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही आहे. तांबट आळी हे नाव शहरात टिकून आहे, हातोड्यांचा आवाज मात्र आता पूर्वीइतका नाही. दुकानांत दोन प्रकारचा माल शेजारीशेजारी मांडलेला असतो: यंत्रावर ओढलेला आणि हाताने घडवून मठारलेला. यंत्रावरच्या भांड्यावर ठोक्यांची नक्षी दाबून उमटवलेली असते. सगळे ठोके एका मापाचे, सारख्या अंतरावर, आणि आतल्या बाजूला बऱ्याचदा त्यांचा मागमूसही नसतो. हाताने मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांची वर्तुळं फिरत जातात, मापात बारीक फरक असतो आणि बोट आतून फिरवलं तर उंचसखल लागतं. फरक केवळ दिसण्याचा नाही. ठोकल्याने तांब्याचा पत्रा कडक होतो आणि भांडं चेपत नाही. म्हणून हाताच्या कामाला जास्त पैसे मोजणं योग्यच आहे, आणि आम्हाला वाटतं की त्यात घासाघीस करू नये.

भांडं किलोच्या भावाने विकलं जातं. प्रथम त्या दिवसाचा तांब्याचा, पितळेचा आणि काशाचा भाव वेगवेगळा विचारा, मग वस्तू तोलून घ्या. कडी, झाकण आणि कान वेगळ्या धातूचे असतील तर तेही विचारा, कारण पितळेची जड कडी तांब्याच्या भावाने गळ्यात पडू शकते. चुंबक जवळ ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पण न चिकटला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक लागत नाही. काठ आणि तळाची कड बघा. तिथं रंग बदललेला दिसला, तर वस्तू स्टीलची आणि तांब्याचा थर बाहेरून. कळशी, घागर, हंडा यांना सांधा असतो. पाणी भरून दहा मिनिटं कोरड्या फरशीवर ठेवायला सांगा. चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही. सांध्याला पाझर आला तर डाख (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू) कच्चा आहे.

समई निवडताना लोक उंची बघतात. बघायचे ते आटे. खांबाचे तुकडे एकमेकांत पूर्ण बसतात का, शेवटपर्यंत फिरवल्यावर डगडगतात का, बैठक सपाट आहे का, हे दुकानातच जोडून बघा. ओतकामात बारीक छिद्रं राहिली तर तेल झिरपतं आणि खालचा पाट काळा होतो. वरच्या तबकात पाणी ओतून खालून बोट फिरवलं की लगेच कळतं. पोकळ खांबाची समई हलकी असते आणि वाऱ्याच्या धक्क्यानेही कलंडते. घरात लहान मूल असेल तर भरीव बैठकीचीच घ्या.

काशाची वाटी किंवा ताट घेताना ते बोटांच्या टोकांवर तोलून लाकडाने हलकं वाजवा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. त्याचा नाद लांबवर टिकतो. पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त, लवकर मुकं होतं. नाद फाटका आला तर तडा आहे. कासं ठिसूळ असतं, पडलं की फुटतं आणि डाख लावून ते पूर्वीसारखं होत नाही. म्हणून तडा गेलेलं कासं मोडीत देऊन नवीन घेणंच शहाणपणाचं. मोडीचा भाव नव्याच्या भावापेक्षा कमी असणारच, पण किती कमी हे दोन-तीन दुकानांत विचारून मगच द्या. इथली दुकानं इतकी जवळजवळ आहेत की त्याला वेळ लागत नाही.

पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर कल्हई हवीच. नाहीतर ताक, चिंचेची आमटी, टोमॅटो असं काहीही आंबट त्यात कळकतं. कल्हईचं काम समोर उभं राहून बघावं. भांडं आतून घासून तेलाचा अंश पूर्ण काढायचा, भट्टीवर सगळीकडून सारखं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते चटकन चहूकडे फिरवायचं. तेलकटपणा राहिला तर कथील तिथं धरत नाही आणि डाग पडतात. भांडं फार तापलं तर कथील जळून पिवळट दिसतं. कथील शुद्ध वापरा असं स्पष्ट सांगा. डाख देण्याच्या साध्या कांडीत शिसं असतं आणि ते खाण्याच्या भांड्यात जाता कामा नये. नव्या कल्हईत एकदा पाणी उकळून ते फेकून द्यावं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये आणि त्यात कोरडं भाजू नये. लाकडी डाव वापरावा. आतून पिवळा किंवा तांबूस रंग डोकावू लागला की पुन्हा कल्हई. घरातलं जुनं पातेलं सोबत नेलं तर नव्याच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. पेठेची ही सेवा कुठल्याही मॉलमध्ये मिळणार नाही.

खाण्याचं फार लांबवत नाही. नाशिकचा कांदा चिवडा बांधून न्यायचा असेल तर वाळवून तळलेल्या कांद्याचा वास घ्या. खवट तेल तिथंच पहिल्यांदा कळतं. पाकिटापेक्षा सुटा ताजा चिवडा घ्यावा आणि घरी हवाबंद डब्यात भरावा, कारण कांदा ओल लगेच धरतो.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि गंभीर आहेत. पहिली पाण्याची. टेकांवरून उतरणारं पावसाचं पाणी आणि पेठेखालून वाहणारा सरस्वती नाला यांचा मेळ दहीपूल, सराफ बाजार आणि भांडी बाजारात होतो. गोदावरी चढलेली असली की नाल्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि पाणी उलटं दुकानांत शिरतं. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत हेच झालं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी असेल त्या दिवशी या भागात जाऊ नका. गोदाघाटावरच्या ज्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी गेलं असेल तर प्रश्नच नाही. पावसाळ्यात जुन्या, धोकादायक वाड्यांच्या भिंतींना टेकून उभं राहणंही टाळा.

दुसरी उणीव दुचाकीची. रस्ता अरुंद, त्यात दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या, त्यावर माल मांडलेला, समोर विक्रेत्याची गाडी, आणि उरलेल्या पट्ट्यातून हॉर्न वाजवत जाणारी दुचाकी. बाईंच्या हातात पिशव्या आणि मूल असेल तर चालणं जिकिरीचं होतं. बसायला बाक नाहीत, स्वच्छतागृह शोधावं लागतं, आणि शोधल्यावर वापरण्याजोगं असेलच असं नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही पेठ सध्या त्रासाची आहे, हे स्पष्ट सांगायला हवं.

दिवाळीच्या गर्दीत पोलीस मेनरोड परिसरात वाहनांना बंदी घालतात, तेव्हा हाच रस्ता किती मोकळा वाटतो ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मग बाकीच्या वर्षात का नको? दिल्लीत चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत सुमारे १.३ किलोमीटरवर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. मालाची चढउतार रात्री आणि पहाटे होते. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवतात. नाशिकमध्ये दहीपूल ते सराफ बाजार एवढा तुकडा आधी घ्यावा. माल सकाळी दहाच्या आत उतरवावा, अग्निशमन दलाचा बंब जाईल एवढी वाट कायम मोकळी ठेवावी, आणि दोन्ही टोकांना हातगाडीवाल्या हमालांचे अधिकृत थांबे द्यावेत. ‘गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही’ ही व्यापाऱ्यांची भीती खरी आहे, पण ती मुख्यतः जड मालाची आहे, आणि जड माल हमाल वाहू शकतो. रस्ता फोडून नवी फरशी बसवताना तिवंधा चौकासारख्या ठिकाणी जमिनीखाली पेशवेकालीन रहाडी (रंग खेळायचे दगडी हौद) आहेत, रंगपंचमीला त्या उघडाव्या लागतात, हे ठेकेदाराच्या नकाशावर आधी चढलं पाहिजे. नालेदुरुस्ती फरशीच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

हे तातडीचं आहे, कारण २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीत सरदार चौकाच्या अरुंद उतारावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. उतार, अरुंद वाट आणि मध्ये अडथळे हीच स्थिती नदीच्या या काठावरही आहे. पुढे आलेल्या पायऱ्या आणि लोखंडी जाळ्या हटवायला नव्या योजनेची वाट बघायची गरज नाही.

तोवर जाणाऱ्यांसाठी: पारखायला चुंबक, पुसायला पांढरा रुमाल, जुनं पातेलं, दोन मजबूत कापडी पिशव्या आणि तळ सपाट असलेल्या चपला. हंडा किंवा बंब घेतलात तर दुकानातूनच हमाल ठरवा, मजुरी आधी बोला, आणि रिक्षा आत बोलावण्यापेक्षा सामान रविवार कारंजापर्यंत नेऊन तिथून बसा.